नव्या इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक वाजतात तेव्हा काय करायचं

नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी, मीटरवर हजारही किलोमीटर नाहीत, आणि ब्रेक लावला की खालून खरखर. बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते ‘पॅड गेले’, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीला (डिस्कला) दाबून गाडी थांबवणारे ब्रेकचे तुकडे झिजले. पेट्रोल-डिझेलवर वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचणारही नाही, कारण त्या गाड्यांत ब्रेकचा आवाज म्हणजे झीज, आणि झीज म्हणजे खर्च. इलेक्ट्रिक गाडीत मामला बहुधा उलटा असतो. इथले ब्रेक फार काम करून वाजत नाहीत, काम नसल्याने वाजतात. ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्म्या आवाजांची भीती जाते. उरलेल्या निम्म्यांतले बरेचसे मुळात ब्रेकचे नसतातच. मग राहतात ते थोडे, आणि त्यांच्यासाठी मात्र गाडी बाजूला घ्यावी लागते.

ब्रेक बसून का राहतात

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनरेटरचं काम करू लागते. चाकांचा जोर तिला फिरवण्यात खर्च होतो, गाडीचा वेग उतरतो आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. बोलताना सगळे याला ‘रिजेन’ म्हणतात. रोजच्या वाहतुकीत वेग कमी करायचं बहुतेक काम रिजेनच उरकतं. पोर्शने टायकान ही गाडी आणली तेव्हा सांगितलं होतं, की रोजच्या वापरातलं सुमारे ९० टक्के ब्रेकिंग डिस्क-पॅडला हात न लावता होईल. बाकीच्या गाड्यांचा आकडा कमी-जास्त असेल, पण चित्र हेच.

डिस्क असते साध्या बिडाच्या लोखंडाची. ओल लागली की काही तासांत तिच्यावर नारिंगी पापुद्रा चढतो. पेट्रोलच्या गाडीत तो पहिल्या दोन-तीन ब्रेकला पुसला जातो आणि पुसला जातानाचा आवाज इंजिनाच्या घरघरीत बुडतो. इलेक्ट्रिक गाडीत या दोन्ही सोयी नाहीत. पॅड डिस्कला क्वचित शिवतात, आणि झाकायला इंजिन नाही. जुन्या गाडीतही असेच आवाज व्हायचे, फक्त कानापर्यंत पोचत नव्हते.

पहिलं काम: आवाज खरंच ब्रेकचा आहे का?

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि थेट सर्व्हिस सेंटरला फोन लावतात. जरा थांबा. पुढचे आवाज ब्रेकच्या आसपासचे आहेत, पण पॅड-डिस्कशी त्यांचा काही संबंध नाही.

दार उघडल्यावर किंवा ब्रेक पेडल दाबताच पुढून बारीक ‘झूंऽ’ ऐकू येतं. पेट्रोलच्या गाडीत पेडलला मदत मिळते ती इंजिनाने तयार केलेल्या व्हॅक्यूमची. इथे इंजिनच नाही, म्हणून पेडलचा जोर वाढवायला विजेवर चालणारा बूस्टर बसवलेला असतो आणि त्याची मोटर फिरताना ऐकू येते. काही गाड्यांत जुन्याच पद्धतीचा बूस्टर ठेवून सोबत छोटा व्हॅक्यूम पंप देतात. पेडल तीन-चार वेळा दाबलं की हा पंप काही सेकंद घुर्रर्र करून बंद होतो. दोन्ही आवाज गाडी उभी असताना, दारं बंद करून, शांत जागी ऐकून ठेवा. पुढे उपयोगी पडतील. हाच पंप पेडलला पायही न लावता पुन्हापुन्हा सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती असू शकते. तेवढं तपासून घ्या.

गाडी सुरू करून पहिल्यांदा थोडा वेग घेतला की एकदाच ‘टक्’ किंवा क्षणभर ‘बर्रर्र’ होतं. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा, स्वतःचा पंप आणि झडपा तपासून घेतं, त्याचा हा आवाज. सुरू केल्यावर एकदा, आणि मग गाडी बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत नाही, ही त्याची खूण.

पार्किंग लावताना मागून येणारा ‘कर्रर्र’ हा इलेक्ट्रिक हँडब्रेकचा. मागच्या कॅलिपरवर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीवर, बसवलेल्या छोट्या मोटरी पॅड आवळतात. काही गाड्यांत पार्क केल्यानंतर काही मिनिटांनी, गाडीत कोणी नसताना हाच आवाज पुन्हा येतो आणि जवळून जाणारा दचकतो. गरम डिस्क थंड होताना आकसते, पकड ढिली पडू नये म्हणून गाडी स्वतःहून पुन्हा आवळून घेते, इतकंच.

हळू चालताना येणारी ‘ऊंऽऽ’ अशी गुणगुण, जी वेगासोबत चढते-उतरते आणि रिव्हर्सला वेगळी लागते, ती बाहेरच्या स्पीकरमधून येते. पायी चालणाऱ्यांना गाडीची चाहूल लागावी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलना आणि २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला साधारण २० किलोमीटर वेगापर्यंत असा आवाज देणं सक्तीचं आहे. अमेरिकेत ही मर्यादा ३० च्या आसपास आहे. गाडी थांबता थांबता हा आवाज उतरतो, म्हणून पुष्कळांना तो ब्रेकचा वाटतो. भिंतीच्या कडेने काच खाली करून हळू जा. परत येणारा आवाज घासल्यासारखा न लागता सुरात लागत असेल, तर तो स्पीकरचाच.

आणखी एक. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलताना किंवा डी (पुढे) मधून आर (मागे) मध्ये टाकून निघताना एकच ‘टक्’ होतो. मोटरचा जोर एका दिशेकडून दुसऱ्या दिशेला वळतो तेव्हा गिअरमधली किंवा चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टमधली बारीक मोकळीक भरली जाते. इलेक्ट्रिक मोटरचा जोर झटक्यात येतो, म्हणून हा टक् जास्त जाणवतो. हळूहळू वाढू लागला तर दाखवा, पण ब्रेकच्या खात्यात घालू नका.

दुसरं काम: आवाज कधी येतो ते लिहून ठेवा

आवाज कसा आहे यावर लोक फार बोलतात. चीं, चूं, खर्रर्र, घुर्रर्र. खरं निदान होतं ते आवाज कधी येतो यावरून. मोबाइलमध्ये एक टिपण उघडा आणि आवाज आला की या गोष्टी टिपा: वेग किती होता, पेडल दाबलेलं होतं की नव्हतं, गाडी रात्रभर उभी होती का, पाऊस किंवा धुणं झालं होतं का, बॅटरी किती टक्के होती, रिजेन कोणत्या पातळीवर होतं, गाडी सरळ होती की वळणावर, पुढे जात होती की मागे. शेजारी कोणी बसलं असेल तर रेकॉर्डिंग त्यांना करू द्या. चालवताना मोबाइल हातात घ्यायचा नाही.

बॅटरीचे टक्के का लिहायचे, तर पूर्ण भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज ठेवायला जागा नसते. म्हणून गाडी रिजेन कमी करते आणि तेच काम पॅडना करावं लागतं. बॅटरी थंडगार असतानाही तेच. त्यामुळे ‘रात्री फुल चार्ज केली की सकाळी ब्रेक वाजतात, संध्याकाळी नाही’ ही तक्रार ऐकायला गूढ वाटते, पण सकाळी पॅड लागत होते आणि संध्याकाळी नव्हते, एवढंच तिचं उत्तर आहे.

टिपणं थोडी जमली की आवाज बहुधा पुढच्यांपैकी एखाद्या प्रकारात बसतो.

सकाळची खरखर

रात्रभर उभी गाडी, पाऊस किंवा दमट हवा, पहिल्या काही ब्रेकला घासल्यासारखी खरखर आणि मग शांतता. हा वरवरचा गंज. निघताना चाकाकडून ‘टक्’ असा सुटल्याचा आवाजही येऊ शकतो, कारण हँडब्रेकने आवळलेले मागचे पॅड गंजाने डिस्कला चिकटलेले असतात. काही करायची गरज नाही. फक्त ही खरखर पहिल्या काही ब्रेकपुरतीच राहते का, तेवढं बघा. दहा-पंधरा मिनिटं ब्रेक वापरत चालवल्यावरही ती तशीच असेल, तर गंज वरवरचा राहिलेला नाही.

अगदी थांबताना किंवा निघतानाची गुरगुर

वेग जवळजवळ शून्य, पाय पेडलवर अर्धवट, आणि खालून जड, कुरकुरता आवाज. कधी पायाला कंपही जाणवतो. इथे पॅड डिस्कला क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, आणि हे सेकंदात कित्येकदा होतं. व्हायोलिनचा गज तारेवर अडकत-सुटत जातो तसंच. दमट सकाळी जास्त ऐकू येते. रिजेन अगदी कमी वेगात फारसं उरत नाही, त्यामुळे शेवटचे काही किलोमीटर प्रतितास बऱ्याच गाड्यांत पॅडच उतरवतात. म्हणजे दिवसभरातलं त्यांचं जवळपास सगळं काम नेमकं या गुरगुरीच्या वेगात होतं.

यावर गाडीपेक्षा पायाचा उपाय चालतो. थांबताना पेडल ठामपणे दाबा, निघताना पूर्ण सोडा. मधल्या अर्धवट दाबावर गाडीला रांगू देऊ नका. ऑटो-होल्ड (थांबल्यावर पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय) असेल तर सिग्नलला तो वापरा, म्हणजे पाय पेडलवर लोंबकळत राहत नाही. उतारावरच्या रांगेत इंचाइंचाने सरकताना मात्र ही गुरगुर पूर्ण टळत नाही. सोडून द्या.

चीं करणारा बारीक, कर्कश आवाज

हा सगळ्यांत लाज आणणारा. रस्त्यावरची माणसं मान वळवतात. पॅड, डिस्क आणि कॅलिपर मिळून वरच्या पट्टीत थरथरतात तेव्हा तो निघतो. इलेक्ट्रिक गाडीत त्याची नेहमीची कारणं दोन. पॅडचा पृष्ठभाग हलक्या वापराने चकचकीत, काचेसारखा होतो, किंवा नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांवर नीट बसलेलेच नसतात. ब्रेक बसायला साध्या गाडीला काही शे किलोमीटर पुरतात. रिजेनवर चालणाऱ्या गाडीचे पॅड तेवढ्या अंतरात धड गरमही झालेले नसतात.

पॅडला एक धातूची पट्टी जोडलेली असते. पॅड दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला लागून मुद्दाम चीं करते, म्हणजे बदलायची वेळ झाल्याचं कळावं. नव्या गाडीत तो आवाज यायचं कारण नाही, पण गाडी वापरलेली घेतली असेल तर आधी हेच तपासा.

पेडल न दाबताही सतत घासणं

वेगासोबत वाढणारा, पत्रा खरवडल्यासारखा आवाज, आणि ब्रेकशी काही देणंघेणं नाही. पुष्कळदा डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये खडा अडकलेला असतो. आवाज इतका भयंकर की चाक निखळतंय असं वाटावं. मोकळ्या जागी थांबा, थोडं मागे घ्या, पुन्हा पुढे, दोन-तीनदा. बरेच खडे असेच पडतात. नाही पडला तर हळू चालवत गॅरेज गाठा. मेकॅनिक तो पत्रा किंचित वाकवून खडा काढतो, काम काही मिनिटांचं असतं. स्वतः जॅक लावून चाकाखाली हात घालायला मी नव्या माणसाला सांगणार नाही. डिस्क गरम असते आणि पत्र्याची कड धारदार.

सतत येणारा आवाज घासण्याऐवजी घुमल्यासारखा असेल आणि स्टीअरिंग एका बाजूला वळवल्यावर वाढून दुसऱ्या बाजूला कमी होत असेल, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर घ्यायचा.

तिसरं काम: ब्रेकना काम द्या

सकाळची खरखर लांबत चालली असेल किंवा चीं-चीं सुरू झाली असेल, तर सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी एकदा ब्रेक साफ करून बघा. यासाठी काही विकत आणायचं नाही. पॅडने डिस्क घासून काढायची, इतकंच काम आहे. अडचण एकच: गाडी ते सहजासहजी करू देत नाही.

कारण बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत तुम्ही ब्रेक पेडल दाबलं तरी आधी रिजेनच लागतं, आणि ते अपुरं पडलं की मग पॅड. सेटिंगमध्ये जाऊन रिजेन कमी केलंत तरी फरक पडतो तो पाय उचलल्यावरच्या वेगात, पेडलच्या हिशेबात नाही. टेस्लासारख्या काही गाड्यांत पेडल थेट पॅड आवळतं, त्यांचं काम सोपं. आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते मॅन्युअलमध्ये ब्रेकच्या प्रकरणात सापडतं. तिथेच डिस्क साफ करण्याबद्दल कंपनीची काही सूचना असेल तर खालचं सगळं बाजूला ठेवून तीच पाळा.

नसेल तर असं करा. रस्ता सरळ, सपाट, कोरडा आणि रिकामा निवडा. मागे कोणी नाही हे आरशात बघून घ्या, आणि प्रत्येक वेळी पुन्हा बघा. गाडीत सैल सामान ठेवू नका.

रिजेन सगळ्यात कमी पातळीवर आणा. ६०-७० च्या वेगातून पेडल ठाम दाबून २० पर्यंत उतरवा. ठाम म्हणजे बसलेल्या माणसाचं अंग पुढे झुकेल इतकं. चाकं अडकून एबीएस कडकडेल इतकं नाही. पूर्ण थांबू नका. पुन्हा वेग घ्या, अर्धा-एक मिनिट तसंच जाऊ द्या म्हणजे डिस्कला वारा लागेल, आणि पुन्हा दाबा. असं पाच-सहा वेळा. हे हळू वेगात करून भागत नाही. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६० च्या वेगात ती ३० च्या चौपट असते. पॅड तापायला हवा असेल तर तेवढी ऊर्जा लागतेच. पाय नुसता टेकवून सावकाश उतरवलंत तर सगळं काम रिजेन घेऊन जाईल आणि पॅड थंडच राहतील.

पेडलवर आधी रिजेन लागणाऱ्या गाडीत याहून चांगला मुहूर्त म्हणजे बॅटरी भरलेली असताना. रिजेनला जागा नसते, म्हणून साधा ब्रेकही पॅडवर जातो. लांब प्रवासाला निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असेलच, तर सुरुवातीच्या मोकळ्या पट्ट्यात हे उरकून घ्या.

तिसरा मार्ग न्यूट्रलचा. चालत्या गाडीत एन टाकला की रिजेन बंद पडतं आणि पेडल दाबल्यावर फक्त पॅड लागतात. ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टीअरिंग चालूच राहतात. पण काही ठिकाणी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं वाहतुकीच्या नियमात बसत नाही, आणि अडचणीच्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी पळवता येत नाही. म्हणून हा मार्ग शेवटी, ५० च्या आतल्या वेगात, रिकाम्या सपाट जागी, आणि उतारावर कधीच नाही. गिअरच्या जागी चुकून पार्किंगचं बटण दाबलं जाणार नाही, याची सवय आधी उभ्या गाडीत करून घ्या.

हे झाल्यावर लगेच गाडी थांबवून पेडल दाबून बसू नका. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी दाबला गेला की त्याचा थर तिथे चिकटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरू लागतं. काही किलोमीटर नुसती चालवून गार होऊ द्या. गरम डिस्कवर पाण्याचा फवाराही नको.

नंतर चाकाच्या फटीतून डिस्क बघा. पॅड फिरतो तो पट्टा सगळीकडे सारखा चंदेरी दिसायला हवा. बाहेरची कड आणि मधला नट-बोल्टचा भाग तपकिरी राहणारच, तिथे पॅड पोचत नाही. तो गंज दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. चंदेरी भागात काळपट पट्टा, खड्डे किंवा नखाला लागतील अशा चरा राहिल्या असतील, तर हा उपाय पुरेसा नाही.

यापुढे आठवड्यातून एकदा तरी, विशेषतः पावसाळी दिवसांत किंवा समुद्राजवळ राहत असाल तर, चार-पाच ब्रेक ठाम लावायची सवय ठेवा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांत एक अभिमान असतो, ‘मी महिनोन्महिने ब्रेक पेडलला पायच लावत नाही’. एका पेडलवर, म्हणजे ब्रेकला पाय न लावता नुसत्या रिजेनवर, गाडी चालवणं सुखाचं आहे, मीही ते सुचवेन. पण तो अभिमान डिस्कच्या जिवावर येतो, आणि अचानक कोणी आडवं आलं तर थांबवायला शेवटी तीच गंजलेली डिस्क लागते.

काय करायचं नाही

डिस्कवर किंवा पॅडवर तेल, वंगण, गंज सोडवणारा स्प्रे, पॉलिश यांतलं काहीही मारू नका. आवाज नक्की थांबेल, आणि सोबत ब्रेकही. टायरला चमक आणणारा स्प्रेही डिस्कवर उडतो, तो कापडावर घेऊन लावा. आवाजाला कंटाळून लगेच स्वस्त बाहेरचे पॅड टाकण्याची घाई नको. पॅडच्या मिश्रणानुसार आवाज बदलतो हे खरं. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड पकडीला चांगले पण आवाजाला जास्त, सिरॅमिक प्रकारचे शांत. पण कंपनीने ब्रेक, एबीएस आणि रिजेन यांचा मेळ एका विशिष्ट पॅडवर जमवलेला असतो. बदलायचेच तर कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेल्यांपैकी घ्या.

इथे थांबायचं

काही आवाजांना टिपणं, निरीक्षण वगैरे नाही. गाडी बाजूला घ्यायची आणि मदतीला फोन करायचा.

प्रत्येक ब्रेकला लोखंडावर लोखंड घासल्याचा जाडाभरडा आवाज, जो गरम झाल्यावरही जात नाही. पेडल नेहमीपेक्षा खोल जाणं किंवा स्पंजासारखं लागणं, मग आवाज असो वा नसो. ब्रेक लावल्यावर गाडीने एका बाजूला ओढणं. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा. जळका वास किंवा एखाद्या चाकातून धूर.

एक लक्षण लोकांना उशिरा कळतं, म्हणून वेगळं सांगतो. कॅलिपर अडकला की पेडल सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहतो. आवाज बारीक असतो, कधी नसतोही. पण एका फेरीचा विजेचा खर्च कारणाशिवाय वाढतो, पाय काढल्यावर गाडी लवकर मंदावते, आणि थांबल्यावर एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असतं. चाकाला हात लावू नका. तळहात थोडा दूर धरला तरी धग कळते. रिजेनवर चालवलेल्या गाडीची चाकं एरवी कोमटच असतात, त्यामुळे हा फरक पेट्रोलच्या गाडीपेक्षा इथे सहज सापडतो.

पिवळा एबीएसचा दिवा एकटाच लागला असेल तर साधा ब्रेक चालतो, पण चाकं अडकण्यापासूनचं संरक्षण बंद असू शकतं. अंतर ठेवून, सावकाश, थेट सर्व्हिस सेंटर.

सर्व्हिस सेंटरला आवाज ऐकवायचा कसा

‘आम्ही चालवून बघितली, आवाज आला नाही.’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. त्यात दरवेळी लबाडी असते असं नाही. तुम्ही गाडी चालवत तिथे पोचता तोवर डिस्क पुसली गेलेली असते, बॅटरी उतरलेली असते, आणि दुपारच्या कोरड्या हवेत गुरगुरही गप्प होते.

म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी सोडा आणि सकाळची पहिली फेरी तुमच्यासमोर, मेकॅनिकला शेजारी बसवून मारा. आवाज फुल चार्जवर येत असेल तर फुल चार्ज करूनच न्या. जॉब कार्डवर ‘ब्रेक नॉइज’ एवढं लिहून घेऊ देऊ नका. टिपणातलं वाक्य लिहायला लावा: रात्रभर उभी राहिल्यावर, २० च्या खाली, पेडल हलकं दाबल्यावर, मागच्या डाव्या बाजूने चीं आवाज, पहिल्या दहा मिनिटांनंतरही चालू. असं लिहिलेलं असलं की तपासणाऱ्याला शोधायला जागा मिळते. शिवाय पुढे वॉरंटीचा वाद झालाच, तर तक्रार कधी आणि काय केली होती याचा कागद हातात राहतो.

चारही चाकांच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये मागा, आतल्या आणि बाहेरच्या पॅडची वेगवेगळी. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो. एकाच चाकातले दोन पॅड बरेच वेगळे झिजले असतील, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकत आहेत. न वापरलेल्या ब्रेकचा हा नेहमीचा आजार, आणि पिना साफ करून योग्य ग्रीस लावलं की बहुतेकदा सुटतो. कंपनीने या मॉडेलच्या ब्रेक-आवाजाबद्दल वर्कशॉपना काही सूचना पाठवली आहे का, हेही विचारा. काही वेळा सुधारित पॅड किंवा पॅडमागे लावायची आवाज शोषणारी पट्टी निघालेली असते, आणि ती मागितल्याशिवाय कोणी बसवत नाही.

पॅड-डिस्क झिजणाऱ्या वस्तू म्हणून वॉरंटीत धरत नाहीत, असं उत्तर येईल. झिजण्याबद्दल ते बरोबर आहे. पण पॅड जवळजवळ नवा असताना डिस्कला खड्डे पडले असतील तर ती झीज नव्हे, आणि तेच शब्द वापरून बोला. नव्या गाडीची डिस्क लगेच लेथवर घासून द्यायचा प्रस्ताव आला, तर आधी ब्रेक साफ करण्याची फेरी आणि पिनांची सफाई करून बघा म्हणावं. घासली की डिस्कची जाडी कमी होते, ती परत येत नाही.

पुढच्या वर्षांसाठी थोडंसं

गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून आणल्यावर तशीच उभी करू नका. थोडी फिरवून चार-पाच ब्रेक लावा आणि डिस्क कोरडी करून मग पार्क करा. बरेच दिवस गाडी उभी राहणार असेल तर छताखाली, सपाट जागेवर ठेवा.

कॅलिपरची सफाई वर्षाच्या सर्व्हिसमध्ये आपोआप होते असं धरू नका, विचारून घ्या. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्यांना टेस्ला दरवर्षी किंवा २०,००० किलोमीटरला कॅलिपर साफ करून ग्रीस लावायला सांगते. खारी हवा असलेल्या किनारपट्टीवर तोच नियम लावून घेतला तर वाया जाणार नाही.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम (आतल्या बाजूने ब्रेक लागणारा बंद डबा) दिसला तर कंपनीने काटकसर केली असं लगेच समजू नका. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे ड्रमच दिले आहेत. ड्रम बंद असल्याने पाणी आणि मीठ आत सहज पोचत नाही, आणि मागच्या ब्रेकला तसंही फार काम नसतं. ड्रमचा आवाज डिस्कपेक्षा पोकळ, घुमल्यासारखा येतो. पावसानंतर पहिल्या ब्रेकला येऊन गेला तर त्यात विशेष काही नाही.

आणि ब्रेक ऑइल. पॅड वर्षानुवर्षं टिकतात म्हणून ब्रेकचं खातंच विसरलं जातं, पण ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं, गाडी चालो वा उभी राहो. त्याने उकळबिंदू खाली येतो आणि आतून गंज धरतो. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी ते तपासायला किंवा बदलायला सांगतात. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आजच टाकून ठेवा, कारण त्या ऑइलचा आवाज कधीच येत नाही.